एका एकरात २ कोटी ९० लाख गारा

एक एकर रान डोळ्यांसमोर आणा. परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यातलं, काळ्या भुईचं, रब्बी ज्वारी उभी असलेलं. फेब्रुवारी सरत आलाय. कणसात दाणा भरलाय, ताटं पिवळी पडू लागलीत, काढणी आठ-दहा दिवसांवर आहे. दुपार कलताना आभाळ काळं होतं, वारं सुटतं आणि दहा मिनिटं गारा पडतात. थांबतात तेव्हा रानात ५ सेंटीमीटरचा, म्हणजे दोन इंचांचा पांढरा थर साचलेला असतो. गार फार मोठी नाही, २ सेंटीमीटर व्यासाची.

आता या एकराचा हिशेब मांडू. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावरचा ५ सेंटीमीटरचा थर भरतो २०२ घनमीटर. गोल वस्तूंच्या ढिगात चाळीसेक टक्के पोकळी असते, ती वजा केली की १२१ घनमीटर बर्फ उरतो. तो पाण्यापेक्षा हलका, म्हणून वजन १०९ टन. एका गारेचं वजन पावणेचार ग्रॅम. भागाकार केला की आकडा येतो २ कोटी ९० लाख. एका एकरात, दहा मिनिटांत. चार एकरांवर पडलेल्या गारा मोजल्या तर त्या २०११ च्या जनगणनेतल्या साऱ्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येपेक्षा, म्हणजे ११ कोटी २४ लाखांपेक्षा, जास्त भरतात.

हा आकडा मोठा आहे म्हणून अंगावर येतो, पण मला त्याहून भयंकर वाटतो तो लहान आकडा. रब्बी ज्वारी दोन ओळींत ४५ आणि दोन ताटांत १५ सेंटीमीटर अंतर ठेवून पेरतात. त्या हिशेबाने एका ताटाच्या वाट्याच्या जागेत ४८० गारा पडल्या. दहा मिनिटांत ४८०, म्हणजे दर सव्वा सेकंदाला एक. ताट कितीही जोमदार असू दे, पानं फाटणारच, कणीस मोडणारच. हरभऱ्याचे घाटे गळून मातीत जातात, गहू आडवा होतो आणि जी ज्वारी कशीबशी उभी राहते तिचा दाणा ओलाव्याने काळा पडतो. कडबाही काळा पडतो, म्हणजे माणसाबरोबर जनावराचंही वर्षाचं खाणं गेलं.

वादळ आणि बर्फ एकत्र म्हटलं की परदेशातले बर्फाने गोठलेले किनारे आठवतात. मानवतला त्यातलं काहीच नाही. अरबी समुद्र सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे, बंगालचा उपसागर सहाशेच्या आसपास, आणि हिमवर्षाव इथे कुणी पाहिलेला नाही. तरी दोन्ही समुद्रांची वाफ या आभाळात येते. उन्हाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडचे पश्चिमी विक्षोभ कधी कधी बरेच दक्षिणेला उतरतात आणि उंचावर थंड, कोरडी हवा आणून सोडतात. खाली तापलेली जमीन, मध्ये समुद्राकडून आलेला ओलावा, वर गारठा. हवा वर झेपावते आणि ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. साडेचार किलोमीटरच्या आसपास तापमान शून्याखाली जातं, पण ढगातलं पाणी लगेच गोठत नाही. शून्याखालीही थेंब पाणीच राहतात आणि कशाला तरी चिकटले की त्या क्षणी बर्फ होतात. गार वाढते ती अशा थेंबांवर. ढगातला थेंब २० मायक्रॉनचा धरला तर २ सेंटीमीटरची एक गार व्हायला ९० कोटी थेंब लागतात. आपल्या एकरावरच्या सगळ्या गारांचे थेंब लिहायचे तर २६ वर १५ शून्यं काढावी लागतील.

एवढा बर्फ गोठताना उष्णता बाहेर पडते. १०९ टनांसाठी ती विजेच्या भाषेत १०,००० युनिटांएवढी, आणि हीच उष्णता ढगाला आणखी वर ढकलते. तो बर्फ पाच किलोमीटर उंचीवर धरायला लागलेली ऊर्जा जवळपास १,५०० युनिट. मग गारा सुटतात. खाली यायला त्यांना पाचेक मिनिटं लागतात आणि वाटेत हवेचा अडथळा ती ऊर्जा जवळजवळ सगळी खाऊन टाकतो. म्हणून २ सेंटीमीटरची गार जमिनीवर येते ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने. आता १०९ टन आणि हा वेग घेऊन एकरावर बसलेल्या एकूण माराची ऊर्जा काढली तर ती किती यावी? साडेचार युनिटांच्याही आत. विहिरीवरची पाच एचपीची मोटार तासभर चालवायला लागते तेवढी. आभाळात हजारो युनिटांची उलथापालथ झाली आणि पाच महिन्यांचं पीक त्यातल्या चार युनिटांनी मोडलं. मी हा हिशेब पुन्हा पुन्हा ताडून पाहिला आहे. पीक किती नाजूक असतं हे मला त्यातूनच नीट कळलं.

सोबतचं वारं हा आकडा वाढवतं. बर्फ आणि पाऊस खाली येताना थंड, जड हवा ओढून आणतात. ती जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. त्या वाऱ्याने ताशी ७० किलोमीटर गाठले तर गार सरळ न पडता तिरपी येते आणि माराची ताकद सव्वादोन पटींहून अधिक होते. चार युनिटांची दहा होतात. मोसंबीच्या बागेत गारपिटीनंतर झाडाची एक बाजू सोललेली आणि दुसरी बरीचशी शाबूत दिसते, ती यामुळेच. गारेचा आकार वाढला तर गणित याहून वेगाने चढतं. २ सेंटीमीटरच्या जागी ५ सेंटीमीटरची गार आली तर व्यास अडीचपट, वजन साडेपंधरा पटींहून जास्त आणि मार एकोणचाळीसपट. तशी गार पत्र्याला पोचा पाडते, कौल फोडते, मेंढरू मारते. याची टोकंही आपल्याच उपखंडात आहेत. १८८८ च्या ३० एप्रिलला उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ माणसं मेली. बांगलादेशातल्या गोपालगंजला १४ एप्रिल १९८६ रोजी पडलेल्या एका गारेचं वजन १ किलो २० ग्रॅम होतं, जगात आजवर नोंदलेलं सर्वांत जास्त. तिथे ९२ जण गेले.

महाराष्ट्राने आपलं टोक २०१४ साली पाहिलं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट थांबून थांबून येत राहिली. एका भागातून गेली की दोन दिवसांनी दुसरीकडे. तेव्हा राज्यात ३५ जिल्हे होते, त्यांतल्या २८ जिल्ह्यांना तिने गाठलं. मराठवाडा त्यात सर्वांत भरडलेल्या भागांपैकी होता आणि परभणीही त्यात होती. बाधित क्षेत्र १८ लाख हेक्टरांच्या वर गेलं. म्हणजे १८,००० चौरस किलोमीटर, परभणी जिल्ह्याच्या जवळपास तिप्पट, गोवा राज्याच्या पावणेपाच पट. आपल्या एकराचे आकडे घेऊन या क्षेत्राशी गुणाकार करावासा वाटतो, पण तो करू नये. सगळीकडे दोन इंच थर नव्हता. कुठे नुसती चाळण झाली, कुठे गुडघाभर ढीग बांधाला लागले. एका शिवारात काही उरलं नाही आणि मधला ओढा ओलांडला की पलीकडे पान हललेलं नाही, हाच तर गारपिटीचा स्वभाव.

आणि नेमका हाच स्वभाव आपल्या मोजमापाला झेपत नाही. आपल्या एकरावरचा तो सगळा बर्फ वितळू द्या. त्याचं पाणी होतं २७ मिलिमीटर. पर्जन्यमापकात हाच आकडा येईल, तोही एकही गार आपटून बाहेर उडाली नाही तर. सरकारी नोंदीत अतिवृष्टी म्हणायला २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस लागतो. ज्या दहा मिनिटांनी रान संपवलं, ती कागदावर त्याच्या निम्म्याहूनही कमी, बऱ्या म्हणाव्यात अशा सरीसारखी दिसतात. गारपीट ही वेगळी आपत्ती म्हणून धरली जाते हे खरं, पण तिची स्वतःची मोजणी होत नाही. साध्या पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं. राज्यात महसूल मंडळं दोन हजारांच्या वर आहेत, म्हणजे एका मंडळाचं क्षेत्र सरासरी दीडशे चौरस किलोमीटर. त्या तोंडाचं आणि या क्षेत्राचं प्रमाण साडेसातशे कोटींत एक पडतं. पावसाळ्यात सर्वदूर पडणाऱ्या पावसाला हे कसंबसं चालतं. दोन-तीन किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात येऊन जाणाऱ्या गारांसाठी ते न मोजण्यासारखंच आहे.

दुरून पाहणाऱ्या रडारचीही अडचण आहे. नागपूर आणि हैदराबादची डॉप्लर रडारं मानवतपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांच्या आसपास किंवा पलीकडे पडतात. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर रडारचा झोत जमिनीपासून पाच किलोमीटर वर गेलेला असतो, त्याखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. चक्रीवादळाचं तसं नसतं. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. त्याआधी त्याला नाव मिळालं होतं, मार्ग नकाशावर आखला गेला होता, किनाऱ्यावरची माणसं हलवता आली होती. कोकणाचं नुकसान त्याने टळलं नाही, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्याच. पण माणसं वाचवायला वेळ मिळाला. गारेच्या ढगाला नाव नसतं. अर्ध्या-पाऊण तासात तो उभा राहतो, आणि त्यातून गारा सुटल्यावर हातात उरतात पाच मिनिटं.

२०१४ च्या मार्चमध्ये राज्याने ४,००० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. लोकसभेची आचारसंहिता लागलेली असताना ते झालं, आणि त्या काळात एवढी रक्कम उभी करणं सोपं नव्हतं. दर होते जिरायतीला हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीला १५,०००, फळबागेला २५,०००, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा जिरायत ज्वारीवाल्याला मिळाला चौरस मीटरला एक रुपया. आपल्या उदाहरणात त्या एका चौरस मीटरवर ७,१६० गारा पडल्या, २७ किलो बर्फ. त्या हंगामात मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला १,५२० रुपये होता. रुपयाला ६६ ग्रॅम ज्वारी, कडबा वेगळाच. चार हजार कोटी हा आकडा ऐकायला डोंगराएवढा. सातबाऱ्यावरच्या आरांत मोडला की आराला शंभर रुपये.

२०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती म्हणून आली. मंडळाची सरासरी न धरता एकेका शेताचं नुकसान पाहायचं, हे तत्त्व योग्य दिशेचं होतं. पुढे अट अशी होती, की शेतकऱ्याने ७२ तासांत कळवायचं आणि मग पाहणी व्हायची. पण बर्फ ७२ तास थांबत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दुसऱ्या दिवशी दुपारी रानात ओल उरते. पाहणीला माणूस येतो तेव्हा मोडलेली ताटं असतात, मोडणारं काही नसतं, आणि किती गारा, केवढ्या, कुठल्या बाजूने, हे सांगायला फक्त शेतकऱ्याचा शब्द आणि मोबाइलमधले फोटो.

फ्रान्समध्ये आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोत यावर अनेक वर्षं एक साधी युक्ती वापरतात. फूटभर लांबी-रुंदीचा थर्माकोलसारखा पत्रा ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाने मढवून मोकळ्या जागी बसवायचा. गार पडली की खड्डा उमटतो. खड्ड्याच्या रुंदीवरून गारेचा आकार कळतो, मोजणीवरून संख्या, आणि तिरपेपणावरून वाऱ्याची दिशा. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, बर्फ वितळला तरी खूण राहते. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, गावोगाव ग्रामपंचायतीची आणि शाळेची सपाट छतं आहेत. मानवत तालुक्यातल्या प्रत्येक गावात असा एक पत्रा जानेवारीत बसवला, मे अखेरीपर्यंत ठेवला, गारपीट झाली की बदलला आणि त्या दिवशीचा पत्रा तलाठ्याने पंचनाम्याला जोडला, तर २७ मिलिमीटरच्या नोंदीशेजारी आणखी एक नोंद येईल: चौरस फुटाला ६६५ गारा, व्यास २ सेंटीमीटर, मारा वायव्येकडून.