पायाखालचा साग

घराच्या जमिनीला लाकूड घालण्याची जी हौस गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुण्या-मुंबईच्या सदनिकांत बळावली आहे, तिच्या पाठीशी आरोग्य आणि पर्यावरण असे दोन सोज्ज्वळ साक्षीदार उभे करण्याचा विक्रेत्यांचा परिपाठ आहे; परंतु त्यांच्या जबानीवर विसंबण्यापूर्वी जुने दफ्तर एकवार चाळणे इष्ट, कारण ज्या लाकडाला आज निरामय आणि पृथ्वीचा ताप हलका करणारे म्हणून गौरविले जाते, त्याच लाकडाला याच शहरांत सव्वाशे वर्षांपूर्वी रोगाचे आश्रयस्थान ठरवून हद्दपार करण्यास प्रारंभ झाला होता.

वाड्यांच्या काळी लाकडाची जमीन म्हणजे माडीची जमीन. तळमजल्याला सारवण किंवा दगडी फरशी, आणि वर कडीपाट: सागवानी तुळयांवर ओळीने कड्या, कड्यांवर एकमेकांना बिलगलेले पाट, पाटांवर मातीची जाड भर, ती धुम्मसाने चोपून केलेली सपाटी आणि तिच्यावर शेणाचा हात, अशी ती रचना असे, म्हणजे एकच लाकूड खालच्या माजघराचे छत आणि वरच्या दिवाणखान्याची जमीन अशा दोन चाकऱ्या बजावी, आणि तळव्यांना त्याचा प्रत्यक्ष स्पर्श क्वचितच होई. मातीच्या त्या थराने उन्हाची झळ अडे, चालण्याचा आवाज मरे, आणि हवेतील ओल शोषून कोरड्या दिवसांत ती परत करण्याचा जो गुण लाकडाच्या ठायी असतो, त्याला मातीची जोड मिळे. साग वाळवीला सहसा दाद देत नाही, कारण त्याच्या गाभ्यात तेल आणि टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते. कीड लागते ती बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला, आणि जाणता सुतार ते तासूनच टाकतो. या टिकाऊपणाची ग्वाही घरांपेक्षाही जहाजांनी अधिक दिली आहे: मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधून १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. अग्नीपुढे मात्र सागाचे काही चालत नाही. शनिवारवाड्याचे मजले १८२८ च्या आगीत भस्मसात झाले आणि मागे राहिले ते तट आणि जोती.

हा साग येई कोठून, या प्रश्नाशी पर्यावरणाची सारी कथा निगडित आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी साग तोडावयाचा तो हुजूर परवानगीने, अधिक लागेल ते लाकूड परमुलुखातून विकत आणावे, आणि रयतेच्या आंब्या-फणसाला तर हातच लावू नये, असा दंडक आहे, त्याचा अंमल किती कसोशीने झाला असेल ते असो, परंतु लाकूड संपते याची जाण त्यात स्पष्ट आहे. इंग्रजी अमलात ही जाण आली ती रान विरळ झाल्यावर. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील रानाचा इजारा लिहून घेतला, त्या राजांच्या वारसांना आहव्याच्या डांग दरबारात अद्यापि सालियाना वाटला जातो. आणि त्याच दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी निलांबूरला सागाची लागवड आरंभिली. पुढे आगगाडी आली, तिच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरांनी उरलीसुरली राने खाल्ली, १८६४ साली जंगलखाते निघाले, १८७८ च्या कायद्याने राने सरकारजमा होण्याची वाट रुंद झाली, आणि मुंबईच्या वखारी ब्रह्मदेशाच्या सागाने भरू लागल्या. त्या व्यापारातील एका बड्या विलायती कंपनीवर ओंडक्यांची मोजदाद लपविल्याचा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला, ते निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली त्याचे राज्यच घेतले, आणि सागापायी पदच्युत झालेला तो राजा रत्नागिरीस नजरकैदेत येऊन १९१६ साली तेथेच निवर्तला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहावयास जाणाऱ्या किती जणांना हा लाकडाचा धागा ठाऊक असेल, कोण जाणे! गिरगावच्या ज्या चाळींच्या जिन्यांचे आणि तुळयांचे आज कौतुक होते, त्यांच्या बांधणीमागे असा एका देशाचा पराभव आहे.

आणि तरीही या चाळींतील लाकडावर गंडांतर आले ते वनस्पतीविषयीच्या करुणेने नव्हे, तर आरोग्याच्या नावाने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, पहिले रोगी ओळखले, आणि पाहता पाहता कौले उतरवून घरांत ऊन घेणे, जमिनी उकरणे, भिंतींना चुना फासणे, राहण्यास अयोग्य म्हणून घरांवर शिक्के मारणे असा सरकारी धडाका सुरू झाला. पाट आणि माती यांमधील पोकळी, कड्यांच्या टोकांशी भिंतीत राहिलेली बिळे, ओलीने फुगून आणि उन्हाने आकसून पडलेल्या फटी, हे उंदरांचे माहेरघर होते यात संशय नाही; मात्र दोष लाकडाचा किती आणि एकेका खोलीत आठ-दहा माणसे कोंबून भाडे उकळणाऱ्या व्यवस्थेचा किती, ही चौकशी कोणी फारशी केली नाही. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, १९२० च्या दशकात वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी सिमेंट-काँक्रीटच्या उभ्या राहिल्या, भारत टाइल्सच्या रंगीत लाद्या १९२२ पासून मुंबईत घडू लागल्या, आणि धुता येते तीच जमीन आरोग्यदायी हे समीकरण मध्यमवर्गाच्या मनात कायमचे रुजले.

उरलेल्या लाकडाचा निकाल १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने आणि पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने लावला. भाडे गोठल्याने मालकाने दुरुस्ती सोडली, गळणारे पाणी तुळईच्या टोकाशी मुरले, टेकू आले, टेकूंच्या मागोमाग लोखंडी गर्डर आले. त्यानंतरचा मोझेक, कोटा आणि व्हिट्रिफाइड टाइल यांचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे.

मग लाकूड परतले, पण निराळ्या वेषात. युरोप-अमेरिकेत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे अंथरण्याची चाल होती, त्यांत धुळीतील सूक्ष्म कीटक वाढून दमेकऱ्यांना त्रास होतो असे वैद्यांनी दाखविल्यावर तेथे पुष्कळांनी गालिचे काढून लाकूड घातले, आणि तो लाभ खराच होता. परंतु रोज केर काढून ओल्या फडक्याने लादी पुसणाऱ्या आपल्या घरांना तोच लाभ माहितीपत्रकांतून जसाच्या तसा विकला जावा, हा निव्वळ दुसऱ्याच्या औषधाचा आपल्या रोगाशी लावलेला मेळ होय. लाकूड उष्णता सावकाश वाहून नेते, म्हणून पौषातल्या पहाटे ते पावलांना बोचत नाही, हे सुख महाबळेश्वरी मोलाचे. नागपूरच्या वैशाखात मात्र शहाबादी फरशीवर पाठ टेकलेल्या माणसाने लाकडाची वार्ताही ऐकून घेऊ नये. शिवाय आज ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून जे सर्रास बसविले जाते, ते लाकडाच्या भुशाचा राळेत दाबलेला तक्ता असून त्यावर ओकच्या रेषांचे छायाचित्र चिकटविलेले असते. त्या राळेतील फॉर्माल्डिहाइड उष्ण आणि दमट हवेत अधिक सुटते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली त्याला निश्चित कर्करोगकारक ठरविले आहे. तेव्हा तक्ता कमी उत्सर्जनाच्या प्रतीचा आहे की नाही, ही विचारणा रंगाच्या निवडीआधी व्हावी.

पर्यावरणाचा हिशेब याहून सरळ आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात निम्मा कर्ब असतो. किलोभर लाकूड घडविताना वृक्षाने सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेतून ओढून घेतलेला असतो, आणि लाकूड जळत वा कुजत नाही तोवर तो कर्ब घरातच कोंडलेला राहतो, तर मोरबीच्या भट्टीत टाइल भाजावयास सुमारे १,२०० अंश उष्णता इंधन जाळूनच मिळवावी लागते. अर्थात साग पक्व होण्यास साठ-ऐंशी वर्षे लागतात, आणि पंधरा वर्षांत फॅशन पालटली म्हणून उखडून टाकलेल्या जमिनीने हा ताळेबंद तुटीतच जातो. म्हणूनच मला सर्वांत निर्दोष वाटते ती पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून कापलेली फळी: वरून काजळी, खिळ्यांच्या भोकांभोवती लोहाचे काळे डाग, आणि करवतीखाली उघडा पडलेला मधाच्या रंगाचा गाभा. शतकभर हंगाम खाल्लेले हे लाकूड पावसाळ्यात नव्याइतके फुगत नाही, आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही. जुन्या लाकडाच्या वखारीत त्याला भाव येतो तो उगाच नव्हे.

ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी चार-पाच वर्षांत तयार होणारा बांबू आहे. २०११ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला आपल्या रानातील बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना मिळाला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने बिगर-वनजमिनीवरचा बांबू वनकायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून सुटला. बांबूच्या पट्ट्या एकजीव करून जमीन घडवावयाची तर मात्र पुन्हा डिंक किंवा राळ लागतेच, आणि ती कोणती, ही विचारणा तेथेही चुकत नाही.