दोन वहिवाटींचा तह

संगणकावर लेखन करणाऱ्या माणसाच्या बोटांना काही हालचाली इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या कोणी, केव्हा आणि कोणत्या विचाराने ठरवल्या हा प्रश्न सहसा त्याच्या मनाला शिवत नाही. कंट्रोल-एक्सने निवडलेला मजकूर उचलावा, कंट्रोल-सीने त्याची नक्कल घ्यावी आणि कंट्रोल-व्हीने तो हव्या त्या ठिकाणी आणून बसवावा, हा क्रम आज कचेरीतल्या कारकुनापासून कादंबरीकारापर्यंत सर्वांना सारखाच परिचित आहे. परंतु ईमॅक्स या जुन्या आणि आजही मोठ्या निष्ठेने वापरल्या जाणाऱ्या एडिटरमध्ये या तिन्ही कळांवर अन्य कामांचा हक्क फार पूर्वीच प्रस्थापित झालेला होता. आणि त्या हक्काला शक्य तितका कमी धक्का लावून नव्या वहिवाटीला तेथे जागा कशी करून देण्यात आली, ही हकीकत यंत्ररचनेत आस्था असणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

ईमॅक्सचा जन्म 1976 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. टेको नावाच्या एडिटरवर तेथील मंडळींनी आपापल्या सोयीचे अनेक आज्ञासंच रचले होते, आणि एकाने बसवलेल्या कळा दुसऱ्याला उमगेनाशा झाल्या, तेव्हा गाय स्टील आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यांचे एकसूत्रीकरण आरंभले. ते कार्य स्टॉलमन यांनी तडीस नेले, आणि पुढे 1985 मध्ये त्यांनीच नव्याने लिहिलेला ग्नू ईमॅक्स लोकांच्या हाती दिला. आज्ञा शेकडो आणि कळा मोजक्या, अशा स्थितीत काही कळांना केवळ प्रवेशद्वाराचे काम नेमून देण्यात आले. कंट्रोल-एक्स एकटी दाबली तर काहीच घडत नाही; ती पुढच्या कळेची वाट पाहत थांबते, आणि मग कंट्रोल-एफ आली तर फाइल उघडते, कंट्रोल-एस आली तर ती जतन होते. कंट्रोल-सीमागून येणाऱ्या आज्ञा विशिष्ट कामांच्या मोडसाठी ठेवलेल्या असून, तिच्यानंतर दाबायची साधी अक्षरे वापरणाऱ्याच्या खासगी आज्ञांसाठी मोकळी सोडावीत असा दंडक आहे. कंट्रोल-व्हीकडे पुढचा पडदाभर मजकूर समोर आणण्याचे काम आहे.

मजकूर हलवण्यासाठी ईमॅक्सने निराळ्याच कळांची योजना केली. कंट्रोल-डब्ल्यूने निवडलेला भाग उचलला जातो, मेटा-डब्ल्यूने, म्हणजे आजच्या कीबोर्डवरील ऑल्ट आणि डब्ल्यू यांनी, त्याची नक्कल होते, आणि कंट्रोल-वायने तो परत येतो. पण या योजनेचे खरे ऐश्वर्य कळांत नसून त्यांच्यामागे असलेल्या किल रिंग नावाच्या साठ्यात आहे. सामान्य क्लिपबोर्डवर एका वेळी एकच मजकूर राहतो आणि दुसरा उचलताच पहिला नाहीसा होतो. किल रिंगमध्ये मात्र उचललेला प्रत्येक तुकडा अनुक्रमाने दाखल होत जातो. या साठ्याची मर्यादा दीर्घकाळ 60 तुकड्यांची होती, अलीकडच्या आवृत्त्यांत ती 120 करण्यात आली आहे, आणि वापरणाऱ्याला ती स्वतःही बदलता येते.

याचा प्रत्यय प्रत्यक्ष कामात कसा येतो ते पाहण्याजोगे आहे. कंट्रोल-के ही कळ कर्सरपासून ओळीच्या अंतापर्यंतचा मजकूर उचलते, आणि पुन्हा दाबली की ओळ संपल्याची अदृश्य खूणही उचलते. समजा, एखाद्या लेखातील चार ओळी शेवटच्या परिच्छेदात न्यावयाच्या आहेत. कळ लागोपाठ दाबत गेल्यास त्या चारही ओळी वेगवेगळ्या न राहता साठ्यात एकच नोंद म्हणून जुळतात, आणि कंट्रोल-वाय एकदाच दाबली की आपल्या मूळ क्रमाने अखंड उतरतात. त्यानंतर ध्यानात आले की येथे याहून आधी उचललेला परिच्छेद हवा होता, तरी धावाधाव करण्याचे कारण नाही: लगेच मेटा-वाय दाबताच नुकता बसवलेला मजकूर दूर होऊन त्याच जागी त्याच्या आधीचा येतो, पुन्हा दाबल्यास त्याच्याही आधीचा, आणि रहाटगाडग्याचे पोहरे एकामागून एक वर यावेत तसा सकाळपासूनचा सारा संचय लेखकासमोर फिरत राहतो. ज्याचा लिहिलेले खोडताना हात आखडतो, त्याच्यासाठी यासारखे दुसरे अभय नाही. कारण येथे उचललेला शब्द सहजासहजी हरवत नाही.

दुसरी परंपरा कॅलिफोर्नियात उदय पावली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 1970च्या दशकाच्या मध्यास जिन या पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी जिप्सी नावाचा एडिटर रचला. हस्तलिखिताचे कागद कात्रीने कापून गोंदाने दुसरीकडे चिकटवणे हा त्या काळच्या संपादकांचा नित्याचा व्यवहार होता, आणि तोच व्यवहार पडद्यावर उतरवताना एकच कळ कधी अक्षर लिहिते तर कधी आज्ञा देते असा घोटाळा वापरणाऱ्याच्या वाट्याला येऊ नये, हा टेस्लर यांचा आग्रह होता. पुढे ते ॲपलमध्ये गेले, आणि 1983च्या लिसा व 1984च्या मॅकिन्टॉश या संगणकांत कीबोर्डच्या तळओळीत डाव्या कोपऱ्याला लागून असलेल्या झेड, एक्स, सी आणि व्ही या चार अक्षरांना अनुक्रमे केलेले रद्द करणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे ही कामे मिळाली. उजवा हात माउसवर असताना डाव्या हाताची बोटे सहज पोहोचतील, अशी ती जागा होती. आयबीएमने 1987 साली कॉमन यूजर ॲक्सेस (सीयूए) या नावाने जी सर्वसामान्य नियमावली प्रसृत केली तिच्यात शिफ्ट, डिलीट आणि इन्सर्ट या कळांची वेगळी योजना होती. परंतु 1992च्या विंडोज 3.1ने कंट्रोलच्या जोडीने एक्स, सी, व्ही हीच अक्षरे स्वीकारली, आणि पुढे लोकमान्यता त्यांनाच लाभली.

अशा रीतीने ईमॅक्सच्या दारी येणारा नवा माणूस भलतीच सवय घेऊन येऊ लागला. जुन्या जाणत्यांनी जन्मभर बोटांत मुरवलेल्या आज्ञा रद्द कराव्यात तर तो अन्याय, आणि नवागताला परत पाठवावे तर तोही अन्याय, असा हा मामला होता. त्यावर किम स्टॉर्म यांनी सीयूए मोड नावाची तजवीज केली, आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ईमॅक्स 22मध्ये तिचा समावेश झाला.

या तजविजीचे मर्म असे, की मजकूर निवडलेला नसेल तर कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-सी आपले जुने काम जसेच्या तसे करीत राहतात. कारण कापण्याजोगे काही समोर नसताना कापण्याची आज्ञा निरर्थकच ठरते. मजकूर निवडलेला असेल तर ईमॅक्स सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका थांबतो: तेवढ्यात दुसरी कळ आली तर ती जुनी संयुक्त आज्ञा समजून पाळली जाते, न आल्यास मजकूर कापला जातो किंवा त्याची नक्कल होते. निवड कायम ठेवून निःसंशय जुनीच आज्ञा द्यायची असेल, तर शिफ्टसह कळ दाबण्याची अथवा ती झटकन दोनदा दाबण्याची मुभा आहे. कंट्रोल-व्ही आणि कंट्रोल-झेड या दोघींना मात्र आपली जुनी कामे सोडावी लागतात. त्यांपैकी पडदा पुढे सरकवण्याचे काम पेज डाउन ही कळ निभावून नेते. शिवाय ही सारी व्यवस्था ऐच्छिक आहे. मागितल्याखेरीज ती कोणावर लादली जात नाही.

मराठीत लिहिणाऱ्यालाही यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. ईमॅक्सच्या स्वतःच्या इनस्क्रिप्ट पद्धतीने देवनागरी उमटवताना कंट्रोलच्या या सर्व आज्ञा पूर्ववत चालतात, त्यामुळे वाक्य लिहिता लिहिता ते उचलून हलवण्यासाठी लिपी बदलावी लागत नाही.

अनेक माणसे वर्षानुवर्षे जे साधन वापरतात, त्यातील जुन्या सवयी हे त्यांनी श्रमाने मिळवलेले वित्त असते, आणि सुधारणा करणाऱ्याने त्याचा हिशेब आधी मांडला पाहिजे, ही गोष्ट सीयूए मोडने कृतीने सिद्ध केली आहे. नवागताने ऑप्शन्स मेनूतून ही सोय खुशाल सुरू करावी आणि आपल्या परिचित कळांनी कामाला लागावे; मात्र तेथेच थांबू नये. कंट्रोल-एक्सने कापलेला मजकूरही अखेर त्याच किल रिंगमध्ये दाखल होत असल्याने, पहिल्याच आठवड्यात मेटा-वाय शिकून घ्यावी, म्हणजे नव्या वहिवाटीने आलेल्यालाही जुन्या वहिवाटीच्या संचयावर पूर्ण हक्क मिळेल.