आभाळ सर्वांचे, किल्ली कोणाची?

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरामुळे वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा मुलखात तार तुटली तर दुरुस्तीला माणूस पोहोचणार कसा? म्हणून उपग्रहाच्या इंटरनेटची चर्चा सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावे आहेत.

ही व्यवस्था चालते कशी, हे आपण समजून घेतले पाहिजे. छपरावरची तबकडी आपली मागणी रेडिओलहरींनी उपग्रहाकडे पाठवते. उपग्रह ती जमिनीवरील केंद्राकडे उतरवतो. ते केंद्र इंटरनेटच्या मोठ्या जाळ्याला जोडलेले असते. उत्तर त्याच वाटेने परत येते. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्यामुळे उत्तर यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो आणि बोलणे अडखळते. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात. तिथे वेळ वाचतो. पण एकेक उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाआड जातो, म्हणून असे हजारो उपग्रह लागतात.

पण उपग्रह म्हणजे जादू नव्हे. तबकडीला मोकळे आभाळ लागते. दाट झाडी आड आली किंवा मुसळधार पाऊस लागला की जोडणी ढेपाळते. वीज गेली तर सारेच बंद. सौर पॅनेल आणि बॅटरी नसेल, तर तबकडी नुसती शोभेची.

आणखी एक प्रश्न आहे. तबकडी बसणार कोणाच्या छपरावर? १९७५-७६ साली अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. ते संच साऱ्या गावासाठी होते. हा धडा आज विसरता कामा नये. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र नेटवर्कवाचून अडते. मग तबकडी गावातल्या बड्याच्या वाड्यावर बसली, तर पाड्यावरच्या मुलीने अर्ज भरायला कोणाच्या ओसरीवर ताटकळायचे?

तबकडी शाळेत किंवा सार्वजनिक वाचनालयात बसावी. दार सर्वांना उघडे असावे. वीज, देखभाल आणि मासिक खर्च कोण उचलणार, हे लेखी ठरावे. ग्रामसभेत हा ठराव आधी घ्या. तबकडी मागाहून येऊ द्या.