जकार्ता: चढते आकडे, उतरती जमीन

जकार्तात पहिला मोठा आकडा भेटतो तो नोटेवर: 1,00,000 रुपिया! आपल्या हिशोबात ते जेमतेम पाच-साडेपाचशे रुपये. पण साध्या जेवणाचं बिलही हजारांत येतं आणि शून्यं मोजायची सवय करून घ्यावीच लागते. या शहरात ती पदोपदी उपयोगी पडते.

संयुक्त राष्ट्रांच्या 2025च्या अहवालाने जकार्ताला जगातलं सर्वांत मोठं शहर ठरवलं. मूळ शहर आणि त्याला चिकटून फोफावलेली उपनगरं मिळून सुमारे 4 कोटी 20 लाख माणसं. ऑस्ट्रेलिया देशाच्या लोकसंख्येच्या साधारण दीडपट! ढाका आणि टोकिओही मागे पडले.

एवढी माणसं रोज ये-जा करतात कशी? 2004 साली 'ट्रान्सजकार्ता'ची पहिली बस सुरू झाली तेव्हा मार्ग होता 12.9 किलोमीटरचा. आज बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकांचं हे जाळं 251 किलोमीटरचं आहे, जगात सर्वांत लांब. दिवसाला 10 लाखांहून जास्त प्रवास त्यावर होतात. कार्ड टेकवून आत शिरलं की शेजारी खोळंबलेल्या मोटारींच्या रांगा मागे टाकत बस सुटते. आणि तरीही सिग्नलला नजर जाईल तिथवर मोटरसायकली! त्यांत हिरव्या जाकिटातले ओजेकवाले, म्हणजे भाड्याने दुचाकीवरून नेणारे, मागच्या प्रवाशाला हेल्मेट चढवून फटीफटीतून वाट काढत असतात. या शहराचा दम पाहून थक्क व्हायला होतं.

पण जकार्तातला सर्वांत हादरवणारा आकडा लाखा-कोटींतला नाही. तो सेंटिमीटरमधला आहे.

उत्तरेला मुआरा बारू नावाची बंदरालगतची वस्ती आहे. गल्लीच्या टोकाला डोक्याहून उंच काँक्रीटची भिंत. भिंतीच्या अलीकडे वाळत घातलेले कपडे, छोटी दुकानं, खेळणारी पोरं. भिंतीवर चढून पलीकडे पाहिलं की पोटात गोळा येतो, कारण समुद्राचं पाणी गल्लीपेक्षा वर आहे. त्याच पाण्यात एक मशीद उभी आहे, वालादुना. कधीकाळी तिथे नमाज व्हायची. आता आत समुद्र आहे.

उत्तर जकार्ताचे काही भाग 1970च्या दशकापासून 4 मीटरपर्यंत खचले आहेत, एका मजल्याहून जास्त. सर्वांत वाईट ठिकाणी वर्षाला 10 सेंटिमीटरहून अधिक वेग नोंदला गेला. जगभरात समुद्राची पातळी वर्षाला सुमारे 4 मिलिमीटरने वाढते. म्हणजे समुद्र जितका वर येतो, त्याच्या पंचवीसपट वेगाने इथली जमीन खाली गेली.

कारण पायाखालीच आहे. शहरातून 13 नद्या वाहतात, पाऊस धो धो पडतो. पण नद्या घाण झाल्या आणि नळाचं पाणी सगळ्यांपर्यंत कधी पोहोचलंच नाही. मग घरांनी, हॉटेलांनी, कारखान्यांनी बोअर मारून पाणी उपसलं. पाणी गेलं की मातीचे थर दबतात, वरून इमारतींचा भार असतोच. आणि एकदा दबलेली चिकणमाती पुन्हा पहिल्यासारखी फुगत नाही.

2019 साली राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी राजधानी बोर्निओ बेटावर हलवण्याची घोषणा केली. नव्या नुसांतारा शहराचा अंदाजित खर्च 466 लाख कोटी रुपिया. पण मंत्रालयं हलतील. 4 कोटी माणसं कुठे हलणार?

त्यांच्यासाठी खरा दिलासा टोकिओच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकात टोकिओचे सखल भागही 4 मीटरहून जास्त खचले होते, भूजलाच्या उपशामुळेच. उपशावर कडक बंधनं आली आणि 1970च्या दशकात खचणं बहुतांशी थांबलं. गेलेली उंची परत आली नाही, पण पुढची वाचली. जकार्तालाही हे जमू शकतं. त्यासाठी आधी प्रत्येक घरी नळाचं स्वच्छ पाणी हवं, कारण पर्याय नसलेल्या माणसाला बोअर बंद कर म्हणणं अन्याय आहे. भिंत आणखी उंच बांधण्याआधी पैसा पाइपलाइनवर खर्च व्हायला हवा.