करड्या फीचरची नाती

यंत्राच्या सुट्या भागांचे संगणकावरचे मॉडेल आज बहुतेक ठिकाणी पॅरामेट्रिक पद्धतीने तयार होते. पीटीसीच्या प्रो/इंजिनिअरने 1980च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ केली आणि 1995मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्सने ती साध्या विंडोज संगणकावर आणली. यात नुसता आकार साठवला जात नाही. तो कसा घडला याची क्रमवार नोंद राहते. त्यातली एकेक पायरी म्हणजे फीचर. नंतरचे फीचर आधीच्याच्या आधाराने उभे राहते, म्हणून त्यांच्यात पेरेंट आणि चाइल्ड असे नाते मानतात. एखादे फीचर 'सप्रेस' केले की प्रोग्रॅम आकार उभा करताना ते वगळतो आणि यादीत त्याचे नाव करडे होते. एकाच फाइलमधून भोक असलेला आणि नसलेला असे दोन नमुने काढायचे असतात, किंवा ताणाचे गणित करताना बारीक गोलाया नको असतात, तेव्हा हे करावे लागते. माणूस मुंबईला राहायला गेला म्हणून सातबाऱ्यावरचे त्याचे नाव जात नाही. सप्रेस केलेल्या फीचरचेही तसेच. म्हणूनच चालू फीचरपेक्षा करड्या फीचरची नाती दिसण्याची गरज अधिक आहे, असे माझे म्हणणे आहे.

मोटर बसवायचा एक ब्रॅकेट घ्या. 8 मिमी जाडीची प्लेट, तिच्यावर गोल उंचवटा म्हणजे बॉस, बॉसमध्ये आरपार भोक आणि प्लेटच्या दुसऱ्या टोकाला वायरसाठी खाच. बॉस नसलेला नमुना हवा म्हणून बॉस सप्रेस केला. त्याच्याबरोबर भोक गेले, ते अपेक्षितच होते. पण खाचही गेली. तिचे स्केच प्लेटवरच होते, मात्र तिचे 45 मिमीचे अंतर कोणीतरी बॉसच्या मध्यापासून मोजले होते. आता खाच एकटी चालू करायला गेलात तर सॉलिडवर्क्स बॉसलाही परत आणतो. उलट नुसता बॉस चालू केला, तर खाच आपोआप येईलच असे नाही. त्यासाठी 'अनसप्रेस विथ डिपेंडंट्स' ही वेगळी आज्ञा आहे. ती द्यायची राहिली आणि ड्रॉइंग तसेच शॉपवर गेले, तर ब्रॅकेट खाचेविना कापला जातो. पडद्यावर जे नाही ते नाहीसे का झाले, हे पडद्यावरच्या आकाराकडे कितीही पाहून कळत नाही. ते नात्यांच्या नोंदीतूनच कळते. अशा नोंदी पाहायला सॉलिडवर्क्समध्ये पेरेंट/चाइल्डची खिडकी आहे, पीटीसीच्या क्रिओमध्ये रेफरन्स व्ह्यूअर आहे आणि फ्रीकॅड या प्रोग्रॅममध्ये सगळ्या अवलंबनांचा आलेख काढता येतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. जे फीचर उभेच केले नाही, त्याचे नाते दाखवणार कशाशी? हे निम्मे खरे आहे. खाचेचे स्केच बॉसवर अवलंबून आहे, ही गोष्ट फीचरच्या व्याख्येतच लिहिलेली असते. ती वाचायला आकार उभा करावा लागत नाही. मात्र बॉसची नेमकी कोणती कडा, हे बॉस घडल्याशिवाय तपासता येत नाही. आधीची पायरी बदलली की कडांची नावेही सरकतात. या 'टोपॉलॉजिकल नेमिंग'च्या दुखण्याने फ्रीकॅडच्या वापरकर्त्यांना वर्षानुवर्षे छळले. नोव्हेंबर 2024मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीने त्यावर बराच उतारा दिला. तेव्हा प्रोग्रॅमने नाते दाखवावे आणि ते तपासलेले नाही हेही सांगावे. एका तुटक रेषेने भागेल.

दुसरा आक्षेप ऑफिसातला, रोजचा: करडे म्हणजे कचरा, काढून टाका. काही करडी फीचर खरोखरच अर्ध्यात सोडलेले प्रयत्न असतात. पण सप्रेस करणे फाइलमधल्या एका नमुन्यापुरते, म्हणजे कॉन्फिगरेशनपुरते, असू शकते, डिलीट मात्र सगळ्यांतून होते. आज करडा दिसणारा बॉस दुसऱ्या नमुन्यात चालू असेल. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मॉडेल ग्राहकाकडून व्हेंडरकडे जाते. बदल करणारा बहुधा ते बनवणारा नसतो. डिलीट करताना अवलंबून असलेल्या फीचरची यादी समोर येते खरी, पण घाईत ती वाचतो कोण?

तेव्हा दुसऱ्याचे मॉडेल हाती आले, तर आधी प्रत करून ठेवा. एकेक कॉन्फिगरेशन उघडून रिबिल्ड करा आणि फीचरच्या यादीत चुकांच्या खुणा कुठे उमटतात ते पाहा. खाचेसारखी अंतरे बॉसपासून सोडवून प्लेटच्या कडेपासून घ्या. डिलीटचे बटण त्यानंतर दाबा.