जुन्या लुगड्यातून नवी नक्षी

दादरला हिंदमाताच्या कापडबाजारात नवं सुती कापड हवं तेवढं मिळतं. मग गोधडीसाठी घरातली जुनी लुगडी आणि धोतरं कशाला काढायची? आठवण म्हणून, हे नेहमीचं उत्तर खरं आहे, पण अपुरं. गोधडीची नक्षी मुळात कापडाच्या झिजण्यातून घडते. सुती नऊवारी वापरून वापरून मधे विरते, काठ मात्र दाट विणीमुळे टिकतात. म्हणून काठांची चौकट होते, विरलेलं कापड आतल्या थरांत जातं, फाटलं असेल तिथे ठिगळ बसतं. थर सरकू नयेत म्हणून घातलेला धावदोराच अंगभर रेघा उमटवतो. उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही जुन्या कपड्यांची, कडेपासून मध्याकडे. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या विटक्या कपड्यांतून रजया शिवल्या. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने त्या कलाकृती म्हणून मांडल्या. खिसा उसवल्यावर दिसणारा मूळ गडद रंग हा त्या रजयांत रचनेचाच भाग आहे. असा रंग आधी कागदावर आखून मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, गोधडी गरजेपोटी जन्मली. तिचं कौतुक म्हणजे गरिबीचं कौतुक. गरज होती हे मान्यच आहे. पण त्या गरजेतून बायकांनी कमावलेलं रंगांचं आणि कापडाचं ज्ञान नाकारणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल. त्या ज्ञानाचा मान ठेवायचा तर आज शिवणारीला हाताच्या कामाचा पुरेसा मोबदला मिळायला हवा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुनं वस्त्र कापलं की वारसाच नष्ट होतो. नेसता येण्याजोगी पैठणी कापू नये, हे खरंच. पण घडीवर चिरत चाललेलं सुती लुगडं कपाटात ठेवून टिकत नाही. थरांत धरलं तर त्याचं आयुष्य वाढतं. शिवाय 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातल्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या मागांवरचं कापड आता नव्याने विणलं जाणार नाही, म्हणून घरात उरलेला तुकडा मोलाचा आहे. नवी गोधडी करणाऱ्याने आधी कापड उजेडात धरावं, कुठे तग आहे आणि कुठे विरलंय ते पाहावं, आणि मगच रचना ठरवावी. या क्रमाने केलेली गोधडी नवी असूनही परंपरेतली राहील.