सहा किलोमीटर चालल्यानंतरचा सोमवार

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सकाळच्या लोकल नेहमीपेक्षा वेगळ्या दिसतात. करी रोड, परळ, दादरला कॉलेजच्या मुलामुलींचे घोळके चढतात. अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, छातीवर सेफ्टी पिनांनी टाचलेला क्रमांक, एकाच्या काखोटीला गुंडाळलेला फलक. सगळे निघालेले असतात सीएसएमटीला, मुंबई मॅरेथॉनच्या 'ड्रीम रन'साठी. २००४ साली ही मॅरेथॉन सुरू झाली. ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण शर्यत कसलेल्या धावपटूंची. पण सुमारे ६ किलोमीटरची ड्रीम रन सामान्य माणसांची. तिथे कोणी पहिला येत नाही की कोणी शेवटचा. बहुतेक जण धावतही नाहीत, गप्पा मारत, घोषणा देत चालतात. त्या चालण्याला निमित्त असते ते एखाद्या संस्थेसाठी निधी उभा करण्याचे.

व्यवस्था अशी की सामाजिक संस्था या उपक्रमाशी जोडून घेतात, देणगीदारांना आणि चालणाऱ्यांना आपल्या कामासाठी साद घालतात आणि प्रत्येक चालणारा आपल्या नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, ओळखीच्या दुकानदारांकडून रक्कम जमवतो. कॉलेजच्या संघात एनएसएसची मुले हमखास असतात. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास समाजकार्य करावे लागते. तेव्हा कोणी तासांसाठी येतो, कोणी मित्रांसाठी, कोणी खरोखरच मनापासून. चालायला लागल्यावर मात्र कोण कशासाठी आला आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. नियत, म्हणजे मनातला हेतू, ज्याचा त्यालाच ठाऊक.

रमजानच्या पानावर हा विषय कशासाठी, असे कोणाला वाटेल. एक कारण कॅलेंडरचे आहे. हिजरी वर्ष चांद्रमासांचे असल्याने रमजान दरवर्षी साधारण ११ दिवसांनी अलीकडे सरकतो. २००४ पासून ही मॅरेथॉन एकदाही रमजानमध्ये आलेली नाही. २०३० साली मात्र रमजान जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल आणि मॅरेथॉनचा ठरलेला रविवार ऐन रोज्यांत येईल. सहरी सहाच्या आतच संपेल आणि रोजा सोडायला संध्याकाळचे साडेसहा वाजतील. रोजा ठेवून ६ किलोमीटर चालणे तरुणांना फार अवघड नाही. ज्याला झेपणार नाही, तो पाण्याच्या टेबलामागे उभा राहून इतरांना पाणी देईल. स्वतः तहानलेला असताना दुसऱ्याला पाणी देणे हे रोज्याच्या भावनेच्या फार जवळचे आहे.

दुसरे आणि मोठे कारण म्हणजे हा महिनाच देण्याचा आहे. जकात हे कर्तव्य. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिचा अडीच टक्के हिस्सा गरजूंना द्यायचा. बहुतेक घरांत हा हिशेब रमजानमध्येच होतो. ईदच्या नमाजाआधी फितरा द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही सणाचे जेवण शिजते. याखेरीज आपखुशीने दिलेले ते सर्व सदका. सदक्याला रकमेची अट नाही आणि तो पैशांतच द्यावा असेही नाही. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमध्ये, चांगला शब्द बोलणे, वाटेतला काटा-दगड बाजूला करणे, नमाजासाठी टाकलेले पाऊल यांनाही सदका म्हटले आहे. ज्याच्या खिशात रेल्वेचा पास आणि वडापावचे पैसे एवढेच आहेत, अशा विद्यार्थ्यालाही दाता होण्याची मुभा या कल्पनेत आहे.

पण इथेच एक अडचण उभी राहते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे दान हदीसने थोर मानले आहे. आणि इथे तर रंगीत टी-शर्ट, फलक, घोषणा, मोबाइलवर फोटो! दिखाव्याला उर्दूत 'रिया' म्हणतात आणि चांगल्या कामाला लागणारी ती कीड मानली जाते. मग अशा पदयात्रा म्हणजे रियाच का? कुराणाने याचा निवाडा मोठ्या समंजसपणे केला आहे. उघडपणे दिलेले दानही चांगलेच, पण गरजूला गुपचूप देणे अधिक चांगले, असा त्याचा आशय. दान देऊन उपकार बोलून दाखवणे मात्र दान वाया घालवणारे आहे, असेही तिथे बजावले आहे. स्वतःच्या खिशातले देताना हात झाकावा. पण इतरांकडे मागायचे असेल, तर तोंड लपवून कसे चालेल? मागणाऱ्याला रस्त्यावर यावेच लागते.

महाराष्ट्राला हे सांगण्याची गरज नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत विनोबा भावे यांना भूमिहीनांसाठी १०० एकरांचे पहिले दान मिळाले आणि पुढे तेरा वर्षे ते गावोगाव पायी फिरत जमीन मागत राहिले. रायगडातल्या गागोद्याचा हा माणूस अरबी शिकला होता आणि कुराणातल्या निवडक वचनांचे संकलनही त्याने केले होते. चालत मागण्यात एक गोष्ट आपोआप होते. मागणारा देणाऱ्याच्या दारापर्यंत स्वतः कष्ट करून आलेला असतो.

तिकडे कॅनडात १९८० साली टेरी फॉक्स नावाचा एक विद्यार्थी असाच निघाला. हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला हा तरुण कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, तेही कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे मागत. आजार फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि १९८१च्या जूनमध्ये, वयाच्या २२व्या वर्षी तो गेला. दर देशबांधवामागे एक डॉलर एवढीच त्याची मागणी होती. ती त्याच्या हयातीतच पूर्ण झाली. त्याच्या नावाची दौड पुढे अनेक देशांत सुरू झाली. मुंबईतही ती झाली आहे.

मुंबईतल्या मुलांना मात्र कारण शोधायला लांब जावे लागत नाही. परळच्या कॉलेजातून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटे चालले, की टाटा मेमोरियल हॉस्पिटल येते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा ट्रस्टने सुरू केलेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली चालणारे हे रुग्णालय. समोरच्या, आजूबाजूच्या पदपथांवर प्लास्टिक अंथरून बसलेली कुटुंबे दिसतात. कोणी बिहारचे, कोणी बंगालचे, कोणी आपल्याच विदर्भ-मराठवाड्यातले. हातात रिपोर्टांची पिशवी, शेजारी स्टोव्ह आणि दोन भांडी. उपचार एका दिवसात संपत नाहीत. रेडिएशन अनेकदा आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालते. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये काही आठवड्यांचे अंतर असते आणि मधल्या काळात ताप आला तर लगेच डॉक्टर गाठावा लागतो. त्यामुळे गावी परतता येत नाही आणि मुंबईत भाड्याची खोली परवडत नाही. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशांना अल्प दरात आसरा देते. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेने कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी मोफत निवासाची सोय केली आहे. तरीही पदपथ रिकामा होत नाही.

जकातीचे हक्कदार कोण, याची कुराणात आठ जणांची यादी आहे. तिच्यात गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत आणि 'इब्नुस्सबील'ही आहे. शब्दशः अर्थ वाटेचा पुत्र, म्हणजे प्रवासात अडकलेला माणूस. घरी त्याची शेती असेल, घर असेल, पण इथे परक्या शहरात तो लाचार आहे. परळच्या पदपथावर बसलेल्या माणसाचे याहून नेमके वर्णन कोणते करता येईल? आणि सदका देताना तर त्याचा धर्म विचारण्याचेही कारण नाही.

म्हणूनच कॉलेजच्या संघाने चालण्याआधी काही साधे प्रश्न विचारायला हवेत. प्रवेशशुल्कातले किती पैसे संस्थेपर्यंत जाणार? टी-शर्ट आणि फलकांवर खर्च जास्त होतो आहे की देणगी जास्त जमते आहे? ज्यांनी शंभर-दोनशे रुपये दिले, त्यांना पावती मिळाली का? '८० जी'ची पावती म्हणून लोक जी ओळखतात, तिच्यासाठी २,००० रुपयांहून अधिक देणगी रोख देऊन चालत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगितले का? आणि जमलेल्या पैशांतून काय झाले, हे महिन्याभराने त्याला कळवले का? अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, सांभाळायची तर हिशेब हा त्यातला पहिला भाग.

खरी कसोटी तर रविवारनंतरच्या सोमवारी लागते. टी-शर्ट धुवायला पडतो, फोटोंवरचे अंगठे मोजून होतात. त्या सोमवारी परळच्या त्या पदपथावर कोणाला तरी अर्ज भरून हवा असतो. मराठी किंवा इंग्रजी पाटी वाचून दाखवणारा, बंगाली-भोजपुरी समजून घेणारा, रांगेत अर्धा तास उभा राहणारा कोणी तरी हवा असतो. कर्करोगाच्या रुग्णांना प्लेटलेट्स वारंवार लागतात आणि त्या साधारण पाच दिवसच टिकतात. म्हणजे एका रविवारच्या शिबिराने भागत नाही, देणारे वर्षभर हवेत. परीक्षा आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईत रक्ताची टंचाई भासते, तेव्हा तर अधिकच. कॉलेजच्या एका वर्गाने आपापसांत महिने वाटून घेतले, तरी तो संघ मॅरेथॉनमध्ये किती जोरात चालला, हे विचारायची गरज उरणार नाही.

रमजानचेही असेच आहे. तीस दिवस भूक सोसायची ती शव्वालच्या पहिल्या तारखेला विसरण्यासाठी नव्हे. रोज्याने लावलेली सवय ईदनंतर किती टिकली, यावर रोज्याची किंमत ठरते. सहा किलोमीटर चालल्यावर पाय दुखले, तर दोन दिवसांत बरे होतात. पण चालताना ज्याच्यासाठी पैसे मागितले, तो माणूस अजून तिथेच बसलेला असतो. यंदा जकातीचा हिशेब मांडताना, किंवा ईदच्या खरेदीला लालबाग-दादरच्या बाजारात जाताना, वाट थोडी वाकडी करून परळच्या त्या पदपथावरून जावे. तिथे जायला कोणत्याही क्रमांकाचा बिल्ला लागत नाही.